खानावळ आणि सपर क्लब: दोन्हीकडे परक्याच्या घरी जेवण, पण...

सपर क्लब म्हणजे कुणीतरी आपल्या घरी एका संध्याकाळी परक्यांना पैसे घेऊन जेवू घालणं, हे समजावून सांगितलं, की घरातलं वडीलधारं माणूस हमखास म्हणतं, "म्हणजे खानावळच की!" आक्षेप अगदीच चुकीचा नाही. दोन्हीकडे कुणाच्या तरी राहत्या घरात, बहुधा त्या घरातल्या बाईच्या हातचं, बाहेरच्या माणसांच्या मांडीला मांडी लावून, पैसे मोजून जेवायचं. दारावर पाटी नसते, निवड नसते. शिजलं असेल ते ताटात येतं.

पण खानावळीत माणूस जेवायला जातो, कारण त्याच्याकडे चूल नसते. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार लालबाग-परळच्या गाळ्यात गाववाल्यांबरोबर राहायचा, बायकोमुलं गावी. दोन वेळचं जेवण खानावळवालीकडे, हिशोब पगार झाल्यावर. गावी गेला तर तेवढे खाडे वजा. म्हणजे महिनाभर ती बाई त्याला उधारीवर जेवू घालायची आणि त्यासाठी स्वतः वाण्याची, सावकाराची देणेकरी व्हायची. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी: सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. खानावळीच्या आठवणींत रश्शाची चव फार येते, हे कर्ज क्वचितच येतं.

सपर क्लबात येणाऱ्याच्या घरी चूल असते, बहुतेकदा स्वयंपाकाला बाईही. तो येतो ते एका संध्याकाळीपुरता, एरवी ज्या घरात पाऊल पडलं नसतं अशा घरातलं खायला. मुंबईतलं गाजलेलं उदाहरण 'द बोहरी किचन'चं. २०१४ मध्ये मुनाफ कपाडियाने कुलाब्याच्या घरी, आई नफीसा यांच्या हातचं जेवण परक्यांना वाढायला सुरुवात केली. नुसते पैसे भरले म्हणून जागा मिळत नसे. येणारा कोण, कुठला, याची आधी चौकशी होई. (खानावळीतही ती व्हायचीच. फक्त विचारायला गावचं नाव पुरायचं.) मग सगळे एका मोठ्या थाळाभोवती. बोहरी रिवाजात सात-आठ जण एकाच थाळातून जेवतात. सुरुवात चिमूटभर मिठाने, मग गोड आणि तिखट पदार्थ आलटून पालटून येतात, शेवट पुन्हा मिठाने. थाळ एकच असल्यावर शेजारच्याशी न बोलता जेवून उठणं जवळपास अशक्य.

माझ्या मते खरा फरक इथे आहे. पुण्यातल्या मेसमध्ये समोरच्याशी अवाक्षर न बोलता, मोबाइलमध्ये डोकं घालून जेवलात तरी कुणी वाईट वाटून घेत नाही. उलट लवकर उठलात तर मागचा खूश. सपर क्लबात तेच केलंत तर दहा जणांची संध्याकाळ नासवलीत. तिथे पैसे जेवणाचे आणि सोबतीचेही असतात. उशिरा पोचणंही तसंच. मेसमध्ये उशीर झाला तर भाजी संपते, नुकसान तुमचं. इथे सगळे तुमच्यासाठी खोळंबतात. शेंगदाणे चालत नसतील, कांदा-लसूण वर्ज्य असेल, तर आठवडाभर आधी कळवायचं; वाढताना सांगून उपयोग नाही.

सपर क्लब 'चोरून' चालतात असं म्हणतात, आता त्याबद्दल. लंडन-न्यूयॉर्कमध्ये असे क्लब लपूनछपून चालले, कारण घराला हॉटेलचा परवाना नसतो. म्हणून पत्ता आदल्या दिवशी कळायचा आणि दराला 'देणगी' म्हणायचे. आपल्याकडे २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत छोट्या घरगुती व्यवसायाला वर्षाला १०० रुपये भरून नोंदणी करता येईल, अशी सोय केली गेली. तेव्हा अडथळा कायद्याचा कमी आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचा जास्त. रात्री अकराला लिफ्टमधून बारा अनोळखी माणसं उतरली, की दुसऱ्या दिवशी नोटीस आलीच म्हणून समजा. दारूची गोष्ट वेगळी. ती परवान्याशिवाय विकताच येत नाही, मग ती तळघरात विका नाहीतर दिवाणखान्यात.

दोन्हींच्या मधलं काही असतं का? अस्मा खान यांचं उदाहरण बघा. कोलकात्याच्या या बाईंनी २०१२ मध्ये लंडनच्या आपल्या घरात सपर क्लब सुरू केला. चुलीशी उभ्या राहिल्या त्या शिकलेल्या शेफ नव्हत्या, घरी स्वयंपाक करणाऱ्या दक्षिण आशियाई स्थलांतरित बायका होत्या. म्हणजे जेवणारे सपर क्लबचे आणि रांधणाऱ्या खानावळीच्या. २०१७ मध्ये त्याचंच सोहोमध्ये 'दार्जीलिंग एक्स्प्रेस' हे रेस्टॉरंट झालं, बायका त्याच राहिल्या. मात्र तिथे मेन्यू मिळतो, टेबल फक्त आपल्यापुरतं असतं आणि शेजारच्या टेबलावर कोण बसलंय याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.