बुडबुड्यांचं काय करायचं?

शाळेच्या प्रयोगशाळेत तांब्या-जस्ताच्या पट्ट्या विरल सल्फ्युरिक आम्लात बुडवल्या असतील, तर थोड्याच वेळात मागे सरकणारा गॅल्व्हॅनोमीटरचा, म्हणजे वीजप्रवाह दाखवणाऱ्या उपकरणाचा, काटा आठवत असेल. तांब्यावर हायड्रोजनचे बुडबुडे साचतात. वायूतून वीज वाहत नाही, त्यामुळे पट्टीचा झाकलेला भाग बाद होतो; शिवाय हा हायड्रोजन उलट्या दिशेने विद्युतदाब निर्माण करतो.

1800 मध्ये लंडनला निकल्सन आणि कार्लाइल यांनी व्होल्टाच्या राशीने, म्हणजे पहिल्या बॅटरीने, पाण्याचं विघटन केलं, तेव्हा हेच बुडबुडे नवलाचे होते. विद्युतघट, म्हणजे बॅटरी, बनवणाऱ्यांना मात्र ते नकोसे होते. 1836 मध्ये जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी ते निर्माणच होऊ दिले नाहीत. तांब्याभोवती मोरचुदाचं द्रावण ठेवलं, की हायड्रोजनऐवजी तांबंच पट्टीवर बसतं. दोन द्रावणांमधल्या पडद्यासाठी त्यांनी बैलाची अन्ननलिका वापरली होती!

मला जास्त आवडतो तो आल्फ्रेड स्मी यांचा 1840 चा मार्ग. पेशाने शल्यचिकित्सक असलेल्या स्मींच्या लक्षात आलं, की खडबडीत पृष्ठभागावरून हायड्रोजन चटकन सुटतो. त्यांनी चांदीवर प्लॅटिनमचा बारीक काळा थर चढवला. रसायन न बदलता केवळ पृष्ठभाग बदलायचा, म्हणून या घटाला त्यांनी ‘रासायनिक-यांत्रिक’ म्हटलं. पाठ्यपुस्तकांत डॅनियल टिकले, स्मी मागे पडले.

विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन बनवणाऱ्या घटात, म्हणजे इलेक्ट्रोलायझरमध्ये, डॅनियलचा मार्ग चालत नाही, कारण तिथे वायू हाच माल. मग उरतो स्मींचा: बुडबुड्याला लवकर वाटेला लावायचं. पंपाने द्रावण फिरवायचं, किंवा जाळीदार इलेक्ट्रोड (वीज आत-बाहेर नेणाऱ्या पट्ट्या) त्यांच्यामधल्या पडद्याला चिकटवून बसवायचे, म्हणजे बुडबुडे मधल्या फटीत न अडकता मागच्या बाजूने निघून जातात.

2022 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँगच्या संशोधकांनी बुडबुडाच टाळून दाखवला. सच्छिद्र पडद्याचं खालचं टोक द्रावणात असतं. समईच्या वातीतून तेल चढावं तसं द्रावण वर चढतं, आणि इलेक्ट्रोडवर तयार झालेला वायू थेट बाहेरच्या वायूत मिसळतो. एक किलो हायड्रोजनसाठी घटाला 40.4 युनिट वीज लागली. प्रचलित घटांना सुमारे 47.5 लागतात. अडचण वातीचीच: जितकी उंच, तितकं वरपर्यंत पोचणारं द्रावण कमी.