जागा तेवढीच, टाकी मोठी हवी?

“माशांसाठी मोठी टाकी हवी, पण भिंतीलगत दोन फुटांचीच जागा आहे” असं सांगणारे ग्राहक पुढे बहुतेक वेळा “मग उंच द्या” असं म्हणतात. आम्ही लगेच हो म्हणत नाही. टाकी भिंतीपासून पुढे किती आलेली चालेल, हे आधी विचारतो.

६०×३०×३६ सेंमीच्या टाकीत काठोकाठ भरल्यास सुमारे ६५ लिटर पाणी मावतं. तिची उंची ६० सेंमी केली, तर १०८ लिटर. उंची ३६ च ठेवून रुंदी (भिंतीपासून पुढे येणारं माप) ५० केली, तरी १०८ लिटरच. पाणी सारखंच, पण दुसऱ्या टाकीत पाण्याचा पृष्ठभाग १,८०० ऐवजी ३,००० चौरस सेंमी होतो. पाण्यात प्राणवायू मुख्यतः पृष्ठभागावरूनच मिसळतो. एअर पंपाचे बुडबुडेही खरं काम करतात ते वरचं पाणी हलवून. त्यामुळे लांबी वाढवता येत नसेल, तर आधी रुंदी वाढवावी, उंची नंतर.

उंचीची किंमत आणखीही मोजावी लागते. काचेवरचा दाब पाण्याच्या खोलीप्रमाणे वाढतो, म्हणून काच जाड लागते. तळाच्या झाडांना उजेड कमी मिळतो. आणि ६० सेंमी खोल तळ साफ करायचा म्हणजे हात जवळजवळ खांद्यापर्यंत पाण्यात! याचा कंटाळा आला की सफाई लांबते, हे उघड आहे.

मासे कोणते, यावरही बरंच ठरतं. एंजलसारख्या उभट माशांना ४५ सेंमीच्या पुढची उंची मानवते. झेब्रा डॅनिओंना आडवं पळायला जागा लागते. त्यांच्यासाठी उंची वाढवून काही साधत नाही. फायटर श्वास घ्यायला वारंवार वर येतो, त्यालाही उथळ टाकीच बरी.

कोपऱ्यातली टाकी जागा छान वापरते, मात्र पुढची काच गोलाकार असेल तर मासे थोडे वेडेवाकडे दिसतात. काहींना ते चालतं.

ऑर्डरआधी टाकीच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद जमिनीवर चिकटवून चार दिवस त्याच्या कडेने वावरून बघा. मागे टांगायचा फिल्टर असेल, तर भिंतीपासून १०-१५ सेंमी अंतर सोडा; झाकणाच्या वर हात घालण्यापुरती मोकळी जागाही हवी. १०८ लिटरची टाकी पाणी, काच, वाळू आणि स्टँड धरून दीडशे किलोच्या पुढे जाते. तेव्हा घरातलं जुनं कपाट किंवा टेबल स्टँड म्हणून वापरू नका. वरच्या मजल्यावर याहून बरीच मोठी टाकी ठेवायची असेल, तर इमारतीच्या इंजिनिअरला विचारून घ्या.

मापं कळवताना दाराची आणि जिन्याच्या वळणाची रुंदीही लिहा. टाकी आम्ही जोडूनच आणतो, ती दुमडता येत नाही.