‘सपोर्टेड गेस्ट’ या शब्दाचा घोळ: पार्श्वभूमी

एक्स८६ (नेहमीच्या पीसीतल्या इंटेल-एएमडी घराण्याच्या) प्रोसेसरवर एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या (होस्ट) आत दुसरी (गेस्ट) व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात, चालवणं पूर्वी फार कठीण होतं. पेंटियमच्या १७ सूचना अशा होत्या, की गेस्टने त्या दिल्या तर प्रोसेसर अडवत नसे, मुकाट्याने भलताच निकाल देऊन पुढे जाई. १९९९ साली आलेल्या व्हीएमवेअर वर्कस्टेशन या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने गेस्टच्या कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) कोड चालता चालता बदलून त्यातून वाट काढली. २००५-०६ मध्ये व्हीटी-एक्स (इंटेल) आणि एएमडी-व्ही या गेस्ट चालवण्याच्या सोयी प्रोसेसरमध्येच आल्या आणि ही अडचण बरीचशी मिटली.

घोळ उरला तो ‘सपोर्टेड’ या शब्दाचा. त्याचे निदान तीन अर्थ होतात: गेस्ट बूट होते, तिच्यासाठी गेस्ट ॲडिशन्स (गेस्टमध्ये बसवायचे जादा ड्रायव्हर आणि सोयी) मिळतात, किंवा काही बिघडलं तर बनवणारे तक्रार ऐकून घेतात. तिन्ही एकत्र मिळतीलच असं नाही. विंडोज ९८ व्हर्च्युअलबॉक्स या तशाच सॉफ्टवेअरच्या ड्रॉपडाउनमध्ये (गेस्ट निवडायच्या यादीत) दिसते, पण तिच्यासाठी गेस्ट ॲडिशन्स नाहीत. म्हणजे शेअर्ड फोल्डर नाही, आणि माउस एकदा खिडकीत शिरला की होस्ट-की (माउस सोडवायची ठरलेली कळ) दाबल्याशिवाय बाहेर येत नाही. व्हीएमवेअरच्या यादीत तर लेगसी (जुनी), डेप्रिकेटेड (पुढे गाळायची), टर्मिनेटेड (गाळलेली) अशा उतरत्या पायऱ्याच आहेत.

ड्रॉपडाउनमधलं नाव पुष्कळांना नुसतं लेबल वाटतं. प्रत्यक्षात त्या नावावरून गेस्टला कोणतं हार्डवेअर दाखवायचं ते ठरतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ३२ बिट विंडोज एक्सपी निवडली की डिस्क आयडीई या जुन्या पद्धतीच्या कंट्रोलरवर बसते आणि नेटवर्क कार्ड पीसीनेट या जुन्या जातीचं मिळतं. व्हिस्टा निवडली की साटा हा नव्या पद्धतीचा डिस्क कंट्रोलर आणि इंटेल प्रो/१००० नेटवर्क कार्ड, कारण व्हिस्टात पीसीनेटचा ड्रायव्हरच नाही. आयडीईवर बसवलेल्या एक्सपीची डिस्क नुसती साटावर हलवून बघा: लोगो येतो आणि लगेच ‘७बी’चा (बूट डिस्क सापडत नसल्याच्या चुकीचा) निळा पडदा. एक्सपी ‘सपोर्टेड नाही’ म्हणून हे होत नाही. २००१ सालच्या त्या सिस्टिमकडे साटाच्या एएचसीआय मोडचा ड्रायव्हरच नसतो.

जुन्या गेस्ट यादीतून गाळण्याचं धोरण मला पटत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर लावलेले मराठी नियतकालिकांचे अंक उघडायला मी अजून एक्सपीच चालवतो. नवी सिस्टिम तर टेबलावर असतेच. व्हर्च्युअल मशीन लागते ती जुनीसाठी.

अलीकडे मात्र नव्या गेस्टचीही अडवणूक झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षा-चिप) मागितलं, व्हर्च्युअलबॉक्समध्ये ते वर्षभराने, ७.० मध्ये आलं. तोवर लोक रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात) नोंद घालून ती तपासणी चुकवत. मॅकवर नोव्हेंबर २०२० च्या एम१ ने (ॲपलची चिप, एक्स८६ ऐवजी एआरएम घराण्याची) चित्रच पालटलं. एआरएमवरच्या विंडोज ११ ला पॅरलल्स डेस्कटॉप या मॅकवरच्या व्हर्च्युअल मशीन सॉफ्टवेअरमध्ये मायक्रोसॉफ्टची अधिकृत मान्यता मिळाली ती थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये. व्हर्च्युअलबॉक्स ७.१ या मॅकवर २०२४ पासून चालतो, पण फक्त एआरएम गेस्ट घेऊन. एक्स८६ साठीच्या एक्सपीला तिथे जागा नाही.