एक मिलिमीटरची सूज

जानेवारी २०२५मध्ये एचएमपीव्हीच्या बातम्या आल्या आणि कपाटातले मास्क पुन्हा बाहेर निघाले. ज्याचा 'नवा व्हायरस' म्हणून गाजावाजा झाला, तो नेदरलँड्समध्ये २००१ सालीच ओळखला गेला होता. त्याआधीही कित्येक दशकं तो मुलांना सर्दी-खोकला देतच होता. एचएमपीव्ही असो, त्याचाच भाऊबंद विषाणू आरएसव्ही असो की फ्लू, मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. जो विषाणू आपलं फक्त नाक गाळतो, तोच तान्ह्या बाळाला धाप का लावतो?

उत्तराचा मोठा भाग नळीच्या गणितात आहे. प्वाझय या फ्रेंच डॉक्टरने १८४०च्या सुमारास बारीक नळ्यांतला प्रवाह मोजला. नळीचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, असं त्याला आढळलं. तान्ह्या बाळाच्या स्वरयंत्राखालची वाट साधारण ४ मिमी व्यासाची. आतल्या अस्तराला सगळीकडून १ मिमी सूज आली की त्रिज्या २ची १ होते. रोध मात्र दुप्पट होत नाही, २×२×२×२, म्हणजे १६ पट होतो! तीच सूज ८ मिमीच्या नळीत आली तर रोध तिपटीच्या जरासा वर. तोही हवा संथ वाहत असेल तर. बाळ रडायला लागलं की प्रवाह खळबळतो आणि चौथा घात पाचव्याकडे सरकतो. धापणाऱ्या बाळाला उगाच रडवू नये ते यासाठी.

संसर्ग खाली उतरून न्यूमोनिया झाला की फुप्फुस ताठर होतं. खोल श्वास ओढावा तर बाळाच्या बरगड्या अजून मऊ, त्याच आत खेचल्या जातात. मग छोटे छोटे श्वास भराभर घेणं एवढंच त्याच्या हाती उरतं. 'पोट उडतंय' हे आजीचं निरीक्षण अगदी बरोबर असतं. त्यावर पोटाला डागण्या देणं हा मात्र निव्वळ छळ आहे, कारण आजार पोटात नसतोच. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागणारे सुशिक्षितही फार वेगळे नाहीत.

म्हणून खोकल्याच्या आवाजापेक्षा श्वास मोजा. बाळ शांत असताना, अंगरखा वर करून, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांखाली ४० किंवा जास्त भरले, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर लगेच दवाखाना.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यापुढे वेगळीच अडचण होती: गावच्या दाईंना एवढं मोजता येत नव्हतं. त्यांनी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी एकत्र बसवले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत धोक्याच्या आकड्यावरचा लाल मणी आला तर न्यूमोनिया समजून औषध सुरू. १९९०मध्ये त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले. गावातच उपचार मिळालेल्या ५८ गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या ४४ गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते.