महार वतनाच्या जमिनी : १९२८ चे विधेयक आणि आजची ‘वर्ग-२’ची शर्त

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याजवळच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर जमिनीच्या ३०० कोटी रुपयांच्या व्यवहारावरून वाद उभा राहिला, तेव्हा ‘महार वतन’ (गावच्या वंशपरंपरागत चाकरीच्या बदल्यात महारांना मिळालेली जमीन) हा शब्द अनेक वर्षांनी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. चर्चेचा रोख स्वाभाविकपणे खरेदीदार कोण, मुद्रांक शुल्क किती बुडाले आणि परवानगी कोणी दिली या प्रश्नांकडे राहिला. या जमिनी मुळात कोणाच्या, त्यांच्यावर विक्रीची बंधने का आली आणि ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वतनाविषयी मांडलेल्या भूमिकेशी कितपत जुळतात, हा भाग मागे पडला.

वतनाचा प्राचीन इतिहास येथे फारसा उपयोगाचा नाही. आजच्या कागदोपत्री गुंत्याची सुरुवात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यापासून होते. या कायद्याने गावकामगाराची चाकरी, तिच्या बदल्यात मिळालेली जमीन आणि चाकरीवरचा वंशपरंपरागत हक्क या तिन्ही गोष्टी एकत्र बांधल्या, आणि जमीन वतनाबाहेर जाण्यास मज्जाव केला. महाराच्या वाट्याला आलेली चाकरी अमर्याद होती. सारावसुलीच्या वेळी कुळांना चावडीवर बोलावणे, सरकारी टपाल पुढच्या गावी पोहोचविणे, वेशीवर राखण करणे, मोजणीच्या वेळी हजर राहणे हे तर ठरलेलेच होते. शिवाय नोंदलेला वतनदार घरी नसेल तर त्याच्या घरातील दुसऱ्या कोणालाही कामावर ओढून नेता येत असे. मोबदल्यात वतनाच्या जमिनीचा लहानसा तुकडा, गावाकडून बलुते (धान्याचा ठरीव वाटा) आणि सरकारकडून मिळालीच तर नगण्य रक्कम. जमिनीवर पूर्ण आकाराऐवजी, म्हणजे पूर्ण सरकारी साऱ्याऐवजी, जुडी हा कमी दराचा सारा भरावा लागे, म्हणून ती सवलत मानली जात असे. मात्र पिढ्यानुपिढ्या वाटण्या होत गेल्याने एकेकाच्या वाट्याला येणारे क्षेत्र पोट भरण्यापुरतेही उरले नव्हते.

१९२७ मध्ये आपल्या पाक्षिकातून हा विषय लावून धरल्यानंतर बाबासाहेबांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यातील एक मागणी अशी होती की बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत करावे, म्हणजे महाराचे जगणे गावाच्या मर्जीवर अवलंबून राहणार नाही. दुसरी मागणी आजच्या वादाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. ज्या वतनदाराला चाकरीतून मोकळे व्हायचे असेल त्याला तसे होऊ द्यावे, आणि जमीन मात्र पूर्ण आकार भरण्याच्या बोलीवर त्याच्याकडेच राहू द्यावी. इतर शेतकरी जेवढा सारा भरतो तेवढा महारही भरेल, आणि इतर शेतकऱ्याप्रमाणेच जमीन कसेल, असा याचा सरळ अर्थ होता. विरोध सरकारी बाजूने झाला, बलुत्याच्या रोखीकरणामुळे गावातील सवर्णांकडून झाला, आणि हातची जमीन व बलुते दोन्ही जाईल या भीतीने खुद्द वतनदारांपैकी काहींकडूनही झाला. निवड समितीत विधेयकाचे रूप पालटल्यावर १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. १९३७ मध्ये, स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून, त्यांनी हाच कायदा पुन्हा दुरुस्तीसाठी पुढे आणला. त्याच वर्षी त्यांनी खोती, म्हणजे कोकणातील मध्यस्थ जमीनदारीची पद्धत, नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते, आणि कोकणातील कुळांच्या लढ्याच्या तुलनेत वतनाचा प्रश्न पुढच्या काळात काहीसा झाकोळला गेला. जुडीवाढीच्या विरोधात डिसेंबर १९३९ मध्ये हरेगाव येथे भरलेली परिषद वगळली तर या काळाविषयी आज फारसे बोललेही जात नाही.

वतन अखेर बाबासाहेबांच्या निधनानंतर संपले. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा, आणि तो अमलात आला १ ऑगस्ट १९५९ रोजी. चाकरी संपली, वतन संपले, जमीन सरकारजमा झाली आणि पूर्वीच्या धारकाने आकाराच्या तिप्पट कब्जेहक्काची रक्कम मुदतीत भरल्यास ती त्याला पुन्हा देण्याची तरतूद झाली. हे पुनःप्रदान साध्या मालकीहक्काने मात्र झाले नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि शासन ठरवील ती रक्कम भरल्याशिवाय जमीन विकता येणार नाही, तिची सरस-निरस (हद्दी पाडून केलेली प्रत्यक्ष) वाटणीही करता येणार नाही, अशी अट तिच्यावर घातली गेली. गावोगावच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-२’ आणि ‘नवीन अविभाज्य शर्त’ अशी जी नोंद दिसते तिचे मूळ हे.

या अटीचा निर्णय योग्य होता की अयोग्य, यावर आजही एकमत नाही, आणि ते होणे सोपेही नाही. अटीच्या बाजूचा युक्तिवाद दुर्लक्षिण्यासारखा नाही. ज्या समाजाकडे दुसरे कोणतेही साधन नाही, त्याच्या हाती जमीन मोकळी दिली तर सावकार, मोठा शेतकरी आणि पुढे बिल्डर ती कवडीमोलाने घेईल. म्हणून विक्रीला अडसर हवा, असे ते म्हणणे. आदिवासींच्या जमिनींबाबत हाच विचार मान्य झालेला आहे, आणि अट नसती तर शहरांलगतच्या कित्येक वतनजमिनी फार पूर्वीच हातच्या गेल्या असत्या हेही खरे मानावे लागते.

तथापि साठ वर्षांच्या अनुभवाने या युक्तिवादाची दुसरी बाजू उघडी पाडली आहे. परवानगीशिवाय विक्री होत नाही म्हणून व्यवहार थांबत नाहीत, ते आडमार्गाने होतात. साठेखत, ताबापावती आणि कुलमुखत्यारपत्र अशा कागदांवर जमिनीचा ताबा थोड्याशा पैशांत दुसऱ्याकडे जातो. परवानगी आणि नजराण्याची (विक्रीसाठी शासनाला भरावयाच्या रकमेची) व्यवस्था पुढे तो दुसराच करतो, आणि भाववाढही तोच घेतो. नजराणा बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत जातो. तो कागदोपत्री कोणीही भरला, तरी खरेदीदार किंमत ठरवितानाच वजा करीत असल्याने भुर्दंड धारकावरच पडतो. बँक अशा जमिनीवर कर्ज द्यायला कां-कूं करते. वाटणीला बंदी असल्याने एका गटावर वारसांची वीस-वीस, तीस-तीस नावे चढतात, आणि त्यांतील निम्मे मुंबई-पुण्यात असतात. कूळकायद्याचा तडाखा तर वेगळाच होता. तुकडा लहान, बैल नाहीत, म्हणून वतनदाराने जमीन गावातील मोठ्या शेतकऱ्याला खंडाने दिलेली असे. वतन संपल्यावर कायदेशीर खंडाच्या जमिनींना कूळकायदा लागू झाला, आणि ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व अशा ठिकाणी गरिबाकडून सधनाकडे जमीन नेणारे ठरले. ज्यांनी मुदतीत तिप्पट आकार भरला नाही, त्यांचा ताबा तर कायद्याने अनधिकृतच ठरला. ही रक्कम मोठी नव्हती हे खरे. पण नोटीस कोणाला पोहोचली, चलन कोणी भरले, हे विचारण्याची ऐपत १९६० च्या दशकातील महारवाड्यात कितीजणांकडे होती, याचा विचार झालेला दिसत नाही.

म्हणून वर्ग-२ चे सरसकट वर्ग-१, म्हणजे विक्रीच्या अटीविना मालकीचे, करावे, तेही नजराण्याशिवाय, अशी मागणी होते, आणि तिच्या समर्थनार्थ १९२८ चे विधेयक पुढे केले जाते. हा आधार खरा असला तरी अपुरा आहे. त्या विधेयकाचे कर्ते वैयक्तिक मालकीचे सरसकट पुरस्कर्ते नव्हते. १९१८ मधील आपल्या निबंधात त्यांनी लहान धारणक्षेत्राच्या दुखण्यावर तुकडे जोडण्याचा उपाय पुरेसा मानला नव्हता. शेतीवर जगणाऱ्यांचा भार उद्योगांकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते. १९४७ मध्ये संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी तयार केलेल्या निवेदनात तर त्यांनी जमीन राज्याच्या मालकीची करून ती जातिभेद न करता गटांना कसण्यासाठी द्यावी, असे सुचविले, कारण तुकडेजोड आणि कूळकायदा यांनी भूमिहीन अस्पृश्याच्या हाती काहीच लागणार नाही हे त्यांना दिसत होते. वतनदाराला जमीन मिळाली तरी ज्याच्याकडे वतनही नव्हते त्या मजुराचे काय, हा प्रश्न वर्ग-१ च्या मागणीत आजही अनुत्तरित राहतो. १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाने तो ऐरणीवर आणला होता. त्यानंतर गायरानावरील जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय झाले, आणि २००४ पासून भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन विकत घेऊन देण्याची योजना आहे. २०१८ मध्ये ती शंभर टक्के अनुदानाची झाली आणि जिरायतीसाठी एकरी ५ लाख, बागायतीसाठी एकरी ८ लाख अशी कमाल मर्यादा ठरली. एवढ्या दरात रस्त्यालगतची, पाण्याची जमीन विकायला शेतकरी तयार होत नाही, ही तक्रार गावोगाव ऐकू येते.

मुंढव्याच्या सातबाऱ्यावर आज नाव सरकारचे आहे. व्यवहार रद्द करण्याची घोषणा झाली, शुल्कवसुलीची कारवाई आणि चौकशी सुरू झाली. मूळ वतनदारांच्या वारसांचे म्हणणे असे की जमीन आपल्याला परत मिळावी. चौकशीचा भर मात्र सरकारचे किती नुकसान झाले यावर राहिला आहे, आणि त्या वारसांचा दावा ऐकण्यासाठी १९५८ च्या कायद्यातील पुनःप्रदानाच्या कलमापलीकडे दुसरी वाट आजतरी दिसत नाही.