मध्यमेंदू बंद होता कधी?

उन्हाळी सुट्टी लागली की सांगलीत चौकाचौकात शिबिरांचे फ्लेक्स झळकतात. अबॅकस, पोहणे, हस्ताक्षर सुधारणा, आणि गेली काही वर्षे त्यांच्या जोडीला ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’. दोन दिवसांचे शिबिर, फी पाच आकडी. मुलाचा झोपलेला मध्यमेंदू जागा करून देणार, मग स्मरणशक्ती वाढणार, एकाग्रता वाढणार. पुरावा म्हणून मूल डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचून दाखवणार.

ओळखीच्या एका पालकांनी आग्रहाने मला असल्या प्रात्यक्षिकाला नेले होते. विश्रामबागेतला हॉल गच्च भरलेला. आठ-दहा वर्षांची मुलगी, डोळ्यांवर काळी पट्टी. हातात रंगीत कार्ड दिले की ती ते नाकाशी नेई, मान किंचित मागे टाकी आणि रंग सांगे. टाळ्या. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी उठून कार्ड तिच्या कपाळाच्या वर धरले, तेव्हा मात्र तिला काही सांगता येईना. ‘निगेटिव्ह एनर्जी आली,’ असे संयोजक म्हणाले आणि पुढचा कार्यक्रम सुरू झाला. पट्टी कितीही घट्ट बांधा, नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि तिच्यातून खालचे दिसते. मुलांना बोल लावू नये. दोन दिवस मोठी माणसे मागे लागल्यावर फट शोधणे त्यांना भागच पडते. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 साली अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, त्याच पट्ट्यात हे राजरोस चालावे याची चीड येते. पूर्वी अंगारा होता, आता न्यूरॉन हा शब्द आला, एवढाच फरक.

मुळात मध्यमेंदू झोपलेला असेल तर मूल शिबिराला चालत येणारच नाही.

मेंदूचा देठ मणक्यातल्या मज्जारज्जूकडून वर येतो. त्याच्या शेंड्याचा जेमतेम दोन सेंटिमीटरचा भाग म्हणजे मध्यमेंदू. मोटारसायकलवरून पडून बेशुद्ध झालेल्या माणसाला मिरजेच्या कुठल्याही दवाखान्यात नेले, तर डॉक्टर आधी पापणी वर करून टॉर्च मारतात. बाहुली आक्रसली का, हे ते पाहत असतात. डोळ्यातून निघालेला संदेश मध्यमेंदूत जाऊन परत येतो तेव्हाच बाहुली आक्रसते. म्हणजे तो चालू आहे का, हे तपासायला एक टॉर्च आणि दोन सेकंद पुरतात. 1949 साली ज्युझेप्पे मोरुत्सी आणि होरेस मॅगून यांनी गुंगीतल्या मांजरांच्या मेंदूच्या देठातल्या जाळीदार भागाला विजेची सूक्ष्म चेतना दिली. झोपेतल्या संथ मेंदूलहरी तत्काळ जागेपणीच्या द्रुत लहरींसारख्या झाल्या. शुद्धीवर असण्याचे बटण या देठात आहे. मध्यमेंदूत हा जाळीदार भाग दोन्ही बाजूंनी निकामी झाला तर वरचा मोठा मेंदू धडधाकट असूनही माणूस कोमात जातो.

पण मला मध्यमेंदू आवडतो तो त्यातल्या मूठभर डोपामाइन पेशींमुळे, म्हणजे डोपामाइन या रसायनातून इतर पेशींना निरोप धाडणाऱ्या पेशींमुळे. मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत, त्यांतल्या या अवघ्या चार ते सहा लाख. त्यांची बरीचशी वस्ती सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या पट्ट्यात असते. त्यांच्यातल्या रंगद्रव्यामुळे हा पट्टा कापलेल्या मेंदूत नुसत्या डोळ्यांनाही काळसर दिसतो.

डोपामाइन म्हणजे आनंदाचे रसायन, हे आता इन्स्टाग्रामच्या रील्सनी घरोघरी पोचवले आहे. ते बरोबर नाही. ज्या उंदरांचे डोपामाइन जवळजवळ संपवले, ते समोरचे अन्न घ्यायलाही हलत नाहीत, पण त्यांच्या तोंडात साखरपाणी घातले की मिटक्या पूर्वीसारख्याच मारतात. गोडी शाबूत, धडपड गेलेली. मग या पेशी नेमके काय सांगतात?

स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मध्यमेंदूतल्या एकेका पेशीचे विजेचे स्पंद मोजत होते. एरवी ही पेशी सेकंदाला चार-पाच स्पंदांच्या चालीने टिकटिकत असते. माकडाला अवचित फळाचा रस मिळाला की स्पंदांची सर येते. मग रसाच्या आधी दरवेळी दिवा लावायला सुरुवात केली. माकडाला त्याची सवय झाली आणि सर रसावरून दिव्यावर सरकली. आता रस मिळाला तरी पेशी ढिम्म. एकदा दिवा लावला आणि रस दिलाच नाही, तेव्हा रस यायचा नेमक्या त्या क्षणी पेशी गप्प झाली. काहीच घडलेले नसताना! न आलेल्या गोष्टीची नोंद घ्यायची तर ती कधी यायची होती, हे आधी ठाऊक असावे लागते.

मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभा असलेला शेतकरी आठवा. मनात क्विंटलला पंधरा हजार धरून आला आणि पंधराच मिळाले, तर तो हिशेबाची पावती घेऊन गावी जातो. सतरा मिळाले तर ते अडत दुकान, तो वार, हळद वाळवायची यंदाची पद्धत सगळे लक्षात ठेवतो. तेरा मिळाले तरी लक्षात ठेवतो, शिव्या घालून. डोपामाइन पेशी भाव सांगत नाही, मनातला भाव आणि हाती पडलेला भाव यांतली तफावत सांगते.

1997 साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटग्यू यांनी दाखवले की हे स्पंद एका गणिताशी जुळतात. रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी ते यंत्रांना शिकवण्यासाठी मांडले होते. आत्ता जे मिळाले त्यात पुढे जे मिळेलसे आता वाटते ते मिळवा, आणि क्षणभरापूर्वी जे वाटत होते ते वजा करा. उरते ती तफावत. दिवा लागताच ‘पुढे मिळेल’ ही रक्कम एकदम वाढते, म्हणून सर दिव्यावर. रस आला की जमा आणि वजा फिटतात, म्हणून शांतता. आता यातली गंमत पाहा. पेशी पाचावरून वीस-तीस स्पंदांपर्यंत चढू शकते, पण उतरून उतरून शून्यावरच येणार, उणे स्पंद कुठून आणणार? म्हणून निराशेचे माप स्पंदांच्या संख्येपेक्षा गप्प राहण्याच्या लांबीत जास्त उमटते. हे माप पुढे मेंदूच्या आत खोलवर असलेल्या स्ट्रायटम या भागात पोचते. तिथे डी-वन ग्राहक (ग्राहक म्हणजे पेशीवरची डोपामाइन टिपणारी जागा) असलेल्या पेशी कृतीला पुढे ढकलतात, डी-टू ग्राहकवाल्या रोखतात. सर आली की नुकत्याच वापरल्या गेलेल्या डी-वन जोडण्या पक्क्या होतात, खंड पडला की डी-टू जोडण्यांचे फावते. सवय म्हणतात ती इथे घडते. सगळ्याच डोपामाइन पेशी इतक्या शिस्तीच्या नाहीत, काही नुसत्या हालचालीशीही बांधलेल्या आहेत, पण गाभा हा.

स्मरणशक्तीचे काय? घडलेले प्रसंग नोंदवण्याचे काम मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचे. अपस्मारासाठी 1953 साली अमेरिकेत हेन्री मोलेसन यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा तो बराचसा भाग काढला, तेव्हापासून त्यांना नवे काही आठवेना. आरशात पाहून चांदणी गिरवण्यात मात्र रोज सफाई येत गेली, आणि आपण हे काल केले होते याचा पत्ता नाही. हिप्पोकॅम्पसलाही मध्यमेंदूतून डोपामाइन पोचते. अनपेक्षित गोष्ट चांगली लक्षात राहते, त्यात याचा वाटा आहे. फ्लेक्सवाल्यांना खरे विकायचेच असते तर हे विकता आले असते, पण यासाठी पट्टी लागत नाही.

या पेशी गेल्या की काय होते, ते पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णाच्या घरात दिसते. लक्षणे उमटेपर्यंत त्या काळ्या पट्ट्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. उपाय सापडला तो आपल्या सर्पगंधेच्या आडवाटेने. तिच्यातले रेसर्पिन मेंदूतले डोपामाइन रिते करते. ते देऊन अर्विद कार्लसन यांनी सशांना निपचित पाडले आणि लेव्होडोपा, म्हणजे ज्यापासून मेंदू डोपामाइन बनवतो तो पदार्थ, टोचून उठवून चालवले, 1957 साली. हेच लेव्होडोपा खाजकुइलीच्या बियांतही असते. साताऱ्याकडच्या डोंगरातल्या कुंपणांवर हा वेल रानोमाळ पसरलेला असतो. पण म्हणून काही बिया कुटून आजोबांना द्यायच्या नाहीत. एका बीत किती औषध आहे याचा भरवसा नाही, आणि वरून डॉक्टरांची गोळी चालू असेल तर मात्रा दुप्पट व्हायची.

मात्रेचे महत्त्व इथे अधिकच आहे. डोपामाइनच्या ग्राहकांना थेट चेतवणाऱ्या काही गोळ्यांनी रुग्णांतल्या काहींना जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागतो. जन्मभर पै-पैचा हिशेब ठेवलेले गृहस्थ ऑनलाइन रमीत पेन्शन घालवू लागतात. घरचे त्याला म्हातारचळ म्हणतात आणि लाजेपायी बोलत नाहीत. गोळीने तफावतीचे माप बिघडले असण्याची शक्यता मोठी असते. ही गोष्ट पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगावी. गोळी मनाने बंद करू नये. डॉक्टरांनी मात्रा उतरवली किंवा गोळी बदलली की बऱ्याच जणांचा नाद सुटतो.