पीसीओएस म्हणजे फक्त अंडाशयाचा आजार नव्हे

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पीसीओएस’ (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) दिसलं की घरात पहिलं वाक्य येतं, "अंडाशयात गाठी झाल्यात." हा समज जुना आहे. 1935 साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सुजलेल्या अंडाशयांवरून या विकाराचं वर्णन केलं आणि नजर तिथेच अडकली.

त्या खरं तर गाठी नसतात. वाढ अर्ध्यावर थांबलेल्या, स्त्रीबीज असलेल्या त्या छोट्या पिशव्या असतात. वाढ का थांबते, हे समजायला मेंदूकडे पाहावं लागतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून जीएनआरएच हे संप्रेरक ठरावीक लयीत, ठोक्याठोक्याने सुटतं. एरवी प्रोजेस्टेरॉन हे स्त्री-संप्रेरक ही लय संथ करतं. पीसीओएसमध्ये वाढलेल्या अँड्रोजेनमुळे, म्हणजे पुरुषी संप्रेरकांमुळे, मेंदू प्रोजेस्टेरॉनचं पुरेसं ऐकत नाही, ठोके जलद पडत राहतात. मग मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी अंडाशयाला हुकूम देणाऱ्या दोन संप्रेरकांपैकी एलएच जास्त आणि एफएसएच त्या मानाने कमी सोडते. एलएचमुळे अंडाशय आणखी अँड्रोजेन बनवतं, एफएसएच अपुरं पडल्याने बीज पिकत नाही. इन्शुलिन त्यात भर घालतं, तो वेगळाच मोठा विषय.

2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी उंदरिणींच्या मेंदूतले अँड्रोजेनचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संप्रेरकाचा संदेश पकडणारे पेशींमधले रेणू) काढून टाकले, तेव्हा पीसीओएसची बरीच लक्षणं उमटलीच नाहीत. फक्त अंडाशयातले काढल्यावर तेवढा फरक पडला नाही. प्रयोग उंदरांवरचा आहे, माणसांवरचा नाही, हे ध्यानात असू द्या.

आणि कृपा करून, "मेंदूत आहे" याचा अर्थ "मनाचे खेळ आहेत" असा लावून कुठल्याही मुलीला गप्प बसवू नका.